मोठा मायनस नंबर आणि डोळ्याचा पडदा : काय तपासावं, कधी धावावं, काय विचारावं

मोठा मायनस नंबर असलेल्या वाचकांचे प्रश्न फिरून फिरून त्याच जागी येतात. ‘पाच वर्षं नंबर वाढलेला नाही, मग दरवर्षी थेंब घालून तपासणी कशाला?’ ‘लेसिक करून चष्मा घालवला, आता डोळा नॉर्मल झाला ना?’ ‘लॅटिस आहे असं सांगितलं. एक डॉक्टर लेसर करा म्हणतात, दुसरे नको म्हणतात. ऐकायचं कोणाचं?’ ‘मुलीला मायनस नऊ आहे, तिचं बाळंतपण सिझेरियननंच करावं लागेल का?’

या सगळ्यांच्या मुळाशी एकच घोटाळा आहे. आपण चष्म्याच्या नंबरालाच आजार समजतो. नंबर ही फक्त बाहेरून दिसणारी खूण आहे. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. मोठ्या मायनस नंबराचा डोळा २६, २८, क्वचित ३० मिलिमीटरपर्यंत लांबलेला असतो आणि दर वाढीव मिलिमीटरमागे नंबर अडीच ते तीनने चढतो. डोळा लांबला की त्याच्या आतला पडदाही ताणला जातो. पापड लाटताना कडेला पातळ होतो आणि फाटलाच तर तिथं फाटतो, तसं या पडद्याच्या कडांचं होतं. चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स किंवा लेसिक यांपैकी कशानंही डोळ्याची लांबी कमी होत नाही. त्यामुळे नजर अगदी स्वच्छ असली तरी पडद्याची काळजी वेगळी घ्यावी लागते, आणि ती आयुष्यभर घ्यावी लागते.

आपण कोणत्या गटात बसता?

चष्म्याचा कागद काढा. ‘एसपीएच’ खालचा आकडा हा मुख्य नंबर आणि ‘सीवायएल’ खालचा आकडा हा सिलिंडर. दोन्ही मायनसमध्ये असतील तर सिलिंडरचा निम्मा आकडा मुख्य नंबरात मिळवा. मुख्य नंबर मायनस ५.५० आणि सिलिंडर मायनस १.५० असेल, तर बेरीज मायनस ६.२५ होते. ही बेरीज मायनस ६ किंवा त्यापुढे गेली, की डॉक्टर त्याला तीव्र ऱ्हस्वदृष्टी म्हणतात.

लेसिक झालेलं असेल तर आजचा नंबर धरू नका, शस्त्रक्रियेआधीचा धरा. तो कागद हरवला असेल तर डोळ्याची लांबी मोजून घ्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या बहुतेक रुग्णालयांत हे यंत्र असतं, तपासणी काही मिनिटांची आणि बिनदुखापतीची असते. लांबी २६ मिलिमीटर किंवा अधिक असेल, तर पुढचं सगळं आपल्यासाठी आहे.

सहाच्या आतल्यांनी मात्र निर्धास्त होऊ नये. अमेरिकेतल्या १९९३च्या एका मोठ्या अभ्यासात मायनस १ ते ३ नंबराच्या लोकांत पडदा सुटण्याचा धोका बिननंबराच्या लोकांच्या चौपट आणि मायनस ३च्या पुढे दहापट आढळला. हा आकडा वाचून घाबरूनही जाऊ नका. मुळात हा आजार वर्षाला दहा हजारांत एखाद्याला होतो, म्हणजे दहापट धरला तरी वर्षाचा धोका हजारात एकाच्या आतच राहतो. पण तो दर वर्षी सोबत असतो.

खालीलपैकी काही असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, ते विचारण्याची वाट पाहू नका :

- आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाचा पडदा सुटला होता
- आपल्याच दुसऱ्या डोळ्यात असा प्रकार घडला आहे
- डोळ्याला कधी जोराचा मार लागला आहे
- मोतीबिंदू किंवा डोळ्याची दुसरी शस्त्रक्रिया झाली आहे
- लहानपणापासून फार मोठा नंबर, आणि सोबत सांधे फार लवचिक किंवा ऐकू कमी येणं

थेंब घालून तपासणी म्हणजे नेमकं काय मागायचं

चष्म्याच्या दुकानात संगणकावर होते ती नंबराची तपासणी. पडद्याच्या तपासणीत थेंब घालून बाहुली मोठी करतात. मग डॉक्टर कपाळावर दिवा बांधून, हातात भिंग धरून पडद्याच्या कडा चारी दिशांनी पाहतात. गरज वाटली तर पापणीवरून डोळा हलकेच दाबूनही पाहतात. ते क्षणभर नकोसं वाटतं, पण अगदी टोकाची कड त्याशिवाय दिसत नाही.

हल्ली थेंब न घालता पडद्याचा फोटो काढून देतात. नोंद ठेवायला तो चांगलाच आहे, परंतु साध्या फोटोत मधला भाग येतो आणि कडा सुटतात. ताणलेल्या डोळ्यात भोकं पडतात ती बहुधा कडांना. म्हणून फोटोवर समाधान मानू नका. ‘थेंब घालून कडांपर्यंत पडदा पाहायचा आहे’ असं अपॉइंटमेंट घेतानाच सांगा.

मोठ्या नंबराच्या प्रौढांनी ही तपासणी वर्षातून एकदा करावी. पडद्यात काही सापडलं असेल तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे तीन-सहा महिन्यांनी. जाण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा :

- थेंबांचा परिणाम चार ते सहा तास राहतो. तोवर जवळचं धूसर दिसतं, उजेड बोचतो. गाडी चालवू नका, गॉगल न्या आणि शक्य तर कोणाला सोबत घ्या.
- कॉन्टॅक्ट लेन्स काढून जा, चष्मा जवळ ठेवा.
- परीक्षा, मुलाखत किंवा हिशेबाचं काम असेल तो दिवस टाळा.

तपासणीनंतर ‘सगळं ठीक आहे’ एवढ्यावर उठू नका. कडेला लॅटिस किंवा भोक आहे का, असल्यास कोणत्या डोळ्यात आणि घड्याळाच्या कोणत्या आकड्याच्या दिशेला, मधला भाग कसा आहे, डोळ्याचा दाब किती, पुढची तपासणी कधी, हे सगळं कागदावर लिहून मागा. पुढच्या वर्षी डॉक्टर बदलले तर तुलना करायला हाच कागद लागतो.

त्याच दिवशी धावायची लक्षणं

या लेखातला दुसरा कोणताही भाग विसरलात तरी चालेल, हा विसरू नका.

डोळ्याच्या आत जेलीसारखा पारदर्शक द्रव असतो. वयानुसार तो पातळ होऊन पडद्यापासून सुटतो. इतरांत हे पन्नाशी-साठीत घडतं, मोठ्या नंबराच्या डोळ्यात बरंच आधी. बहुतेकांचं हे सुटणं निर्विघ्न पार पडतं. पण सुटताना त्यानं पडद्याला ओढ दिली तर पडदा फाटतो, फटीतून पाणी मागे शिरतं आणि पडदा भिंतीवरून उकलू लागतो. यात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणीही येत नाही. म्हणून लोक ‘बघू दोन दिवस’ म्हणत थांबतात, आणि नजर गमावली जाते ती याच दोन दिवसांत.

ही लक्षणं दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठा :

- अचानक पुष्कळ काळे ठिपके, माश्या, जाळं किंवा काजळीचा पाऊस पडल्यासारखं दिसणं
- अंधारात किंवा डोळा हलवताना एका बाजूला वीज चमकल्यासारखा उजेड
- वरून, खालून किंवा कडेनं काळी सावली आत सरकत येणं
- एका डोळ्याची नजर एकाएकी उतरणं

वर्षानुवर्षं दिसणारा एखादा ओळखीचा ठिपका ही घाईची गोष्ट नाही. घाई असते ती नव्या ठिपक्यांची, संख्या एकदम वाढल्याची आणि सोबत चमक असल्याची. अर्धशिशीतही चमकतं, पण तेव्हा दोन्ही डोळ्यांना नागमोडी झिलई दिसते आणि वीस-तीस मिनिटांत विरते. फरक ओळखण्यासाठी एकेक डोळा झाकून पाहा. तरीही खात्री होत नसेल तर जाऊन दाखवा. तपासून काही निघालं नाही तर एक दिवस जाईल, एवढंच.

रुग्णालयात फोन करताना ‘डोळ्यात कचरा दिसतोय’ असं म्हणू नका. स्वागतकक्षातून परवाची वेळ मिळेल. असं सांगा : ‘मला मायनस दहा नंबर आहे, कालपासून एका डोळ्यात चमक आणि नवे ठिपके आहेत, पडदा सुटल्याची शंका आहे, आज पडद्याचे डॉक्टर पाहतील का?’ तालुक्याच्या गावी पडद्याचे डॉक्टर नसतील तर जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडून थेंब घालून तपासून घ्या आणि त्यांच्याकडून पुढे पाठवण्याची चिठ्ठी घ्या. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत, मुंबईत जे. जे., पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ. मोठी खासगी आणि धर्मादाय नेत्ररुग्णालयं तर बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. वाटेत गाडी स्वतः चालवू नका.

घाई कशासाठी तेही समजून घ्या. बारीक काम करणारी नजर पडद्याच्या मध्यबिंदूत असते. तो भाग सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर नजर बहुधा पूर्वीसारखी राहते. तो सुटल्यावर झाली तर पडदा बसतो, पण नजर पुरती परतेलच असं नाही.

तपासणीत फाटलेलं काही सापडलं नाही तरी प्रकरण संपत नाही. नवी चीर पुढच्या काही आठवड्यांतही पडू शकते. चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा थेंब घालून तपासणी करायची, आणि मधल्या काळात ठिपके वाढले तर त्या तारखेची वाट पाहायची नाही.

‘लॅटिस आहे, लेसर करून टाका’ : होकार देण्याआधी

लॅटिस म्हणजे पडद्याच्या कडेला पातळ झालेला पट्टा. तो शंभरांत सहा ते दहा लोकांत आढळतो, मायनस नंबरात जास्त. त्यातल्या बहुतेकांचा पडदा जन्मभर सुटत नाही. म्हणून लॅटिस दिसली की लेसर मारलाच पाहिजे, असा नियम नाही. दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडतं ते यामुळेच. दरवेळी त्यात कोणाचा स्वार्थ असतो असं समजू नका.

लेसर करायलाच हवा अशी स्थिती मात्र असते. चमक आणि ठिपक्यांसोबत घोड्याच्या नालेच्या आकाराची चीर सापडली तर वेळ दवडू नये. लेसरनं चिरेभोवती डाग देऊन पडदा भिंतीला चिकटवला जातो. बाह्यरुग्ण विभागात, थेंबांनी डोळा बधिर करून काही मिनिटांत हे होतं. दुसऱ्या डोळ्याचा पडदा पूर्वी सुटला असेल, किंवा घरात तसा जोरदार इतिहास असेल, तर नुसत्या लॅटिसवरही डॉक्टर लेसर सुचवतात आणि त्याला अर्थ आहे.

लक्षणं नाहीत, दुसरा डोळा चांगला आहे, लॅटिस शांत आहे, आणि तरी लेसर सांगितला, तर विचारा :

- लॅटिसमध्ये भोक आहे का? त्याच्याभोवती पाणी शिरलंय का?
- लेसर न करता सहा महिन्यांनी पाहिलं तर चालेल का? धोका कोणता?
- लेसरनंतर नवी चीर दुसरीकडे पडू शकते का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे, आणि ते आपल्याला माहीत असायला हवं. लेसर फक्त केलेली जागा मजबूत करतो. ‘लेसर झालाय, आता तपासणी नको’ हा समज म्हणून घातक आहे. शांत लॅटिससाठी दुसरं मत घ्यायला चार-आठ दिवस गेले तर बिघडत नाही. लक्षणांसह सापडलेल्या चिरेसाठी दुसऱ्या मताच्या मागे लागून दिवस घालवू नका.

पडद्याची शस्त्रक्रिया झाली तर

पडदा कसा आणि किती सुटला आहे यावर पद्धत ठरते : डोळ्याला बाहेरून पट्टा बसवणं, किंवा आतली जेली काढून गॅस अथवा सिलिकॉन तेल भरणं. दोन्ही पद्धती महाराष्ट्रात वर्षानुवर्षं होत आहेत. बहुतेकांचा पडदा पहिल्या शस्त्रक्रियेत बसतो, काहींना दुसरी लागते. याची कल्पना घरच्यांनाही आधी देऊन ठेवा, म्हणजे दुसऱ्यांदा वेळ आली तर कोणी खचत नाही.

गॅस भरला असेल तर काही बंधनं कडक असतात. डोकं सांगितलेल्या स्थितीतच ठेवायचं, मग पालथं झोपायला सांगितलं तरी. विमानप्रवास पूर्ण बंद. वर हवेचा दाब कमी होतो, गॅसचा बुडबुडा फुगतो आणि डोळ्याचा दाब इतका चढतो की नजर जाऊ शकते. हीच गोष्ट घाटालाही लागू आहे, आणि ती अनेकांना कोणी सांगत नाही. शस्त्रक्रिया मुंबईत झाली आणि घर पुण्यात, साताऱ्यात किंवा साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरात असेल, तर डिस्चार्ज घेताना ‘घाट चढून घरी जाऊ का, कधी जाऊ?’ असं स्पष्ट विचारा. गॅसच्या प्रकाराप्रमाणे तो दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत डोळ्यात राहतो. त्या काळात दुसऱ्या कुठल्याही शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना डोळ्यात गॅस असल्याचं सांगा. काही भुलीच्या वायूंनी हा बुडबुडा फुगतो.

सिलिकॉन तेल आपोआप जात नाही, काही महिन्यांनी दुसऱ्या छोट्या शस्त्रक्रियेनं काढावं लागतं. त्याचा खर्च आणि तारीख आधीच विचारून ठेवा.

मधल्या नजरेवर लक्ष : भिंतीवरचं कालनिर्णय कामाला लावा

ताणलेल्या पडद्याचा मध्यभागही कालांतरानं पातळ होतो, आणि काहींच्या तिथं नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून पाझरू लागतात. तरुणपणीही हे होऊ शकतं. पहिली खूण म्हणजे सरळ रेघ वाकडी दिसणं.

घरच्या घरी पाहायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं, त्यावर आयत्याच चौकटी असतात. रोजचा चष्मा लावा, एक डोळा झाकून मधल्या एका तारखेकडे टक लावा. आजूबाजूच्या रेघा सरळ आहेत का, एखादी चौकट पुसट किंवा गायब आहे का, पाहा. मग दुसरा डोळा. आठवड्यातून दोनदा करा. एकेका डोळ्यानं पाहणं यासाठी की दोन्ही उघडे असले की चांगला डोळा बिघडलेल्याची उणीव झाकून टाकतो.

रेघ वाकली तर त्याच आठवड्यात, जमलं तर दुसऱ्याच दिवशी दाखवा. ओसीटी नावाची स्कॅन होते, हात न लावता. पाझर सापडला तर डोळ्यात इंजेक्शन देतात. नाव ऐकून अंगावर काटा येतो, पण बधिर करून ते काही सेकंदांत होतं आणि वेळेवर दिलं तर नजर वाचते, काहींची सुधारतेही. मोठ्या नंबराच्या डोळ्यात बऱ्याचदा थोडीच इंजेक्शनं पुरतात.

चष्मा आणि लेन्स

मोठ्या नंबराला जास्त इंडेक्सची, १.६७ किंवा १.७४ची काच पातळ पडते, पण निम्मी बाजी फ्रेमची असते. लहान, गोलसर, डोळा मधोमध येईल अशी फ्रेम घ्या. मोठ्या चौकोनी फ्रेममध्ये महागडी काचही कडेला जाड होते. मुलांसाठी आणि खेळासाठी पॉलिकार्बोनेट काच घ्या, ती सहसा फुटत नाही. एक जास्तीचा चष्मा घरात आणि एक प्रवासाच्या बॅगेत ठेवा. मायनस १० नंबरात बिनचष्म्यानं स्पष्ट दिसतं ते डोळ्यापासून १० सेंटिमीटरपर्यंत, त्यामुळे परगावी चष्मा मोडणं ही मोठीच आपत्ती ठरते.

कॉन्टॅक्ट लेन्सचा नंबर चष्म्याहून कमी येतो. मायनस १०चा चष्मा असेल तर लेन्स साधारण मायनस ९ची लागते, म्हणून चष्म्याच्या कागदावरून लेन्स मागवू नका. लेन्स नळाच्या पाण्यानं धुणं, घालून झोपणं, पोहणं ही तिन्ही बंद. डोळा लाल होऊन दुखला तर लेन्स काढून तडक डॉक्टर.

नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया

फार मोठ्या नंबरात लेसिकसाठी बुबुळाची जाडी पुरत नाही, मग डोळ्यात लेन्स बसवण्याचा पर्याय येतो. निवड डॉक्टरांवर सोपवा, पण तीन गोष्टी आपल्या हातात ठेवा. आधी थेंब घालून पडदा तपासून घ्या. शस्त्रक्रियेआधीचा नंबर, बुबुळाची वक्रता आणि जाडी यांचा कागद जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी कृत्रिम भिंगाची ताकद ठरवायला तो लागतो. आणि चष्मा सुटला तरी वर्षाची पडदा-तपासणी चालू ठेवा. लेसिकनंतर डोळ्याचा दाब यंत्रावर खऱ्याहून कमी दिसतो हेही लक्षात असू द्या, पुढच्या प्रत्येक डॉक्टरला लेसिक झाल्याचं सांगा.

व्यायाम, पट्टी, त्राटक, भोकाचा चष्मा किंवा थेंब यांनी लांबलेल्या डोळ्याचा नंबर उतरत नाही. यावर पैसे घालवू नका.

बाळंतपण, व्यायाम, सण

फक्त मायनस नंबर मोठा आहे म्हणून सिझेरियन करण्याचं कारण नाही. कळा देण्यानं पडदा सुटतो या समजाला आधार मिळालेला नाही. गरोदरपणात एकदा पडद्याची तपासणी करून घ्या आणि तो कागद स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. मध्यभागी पाझर चालू असेल किंवा नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवावं.

चालणं, पळणं, सायकल, ट्रेकिंग, योगासनं खुशाल करा. शीर्षासन टाळा, त्यात डोळ्याचा दाब दुपटीच्या आसपास चढतो. बॉक्सिंग, बंजी उडी, डोक्याला हिसका बसणारे पाळणे यांच्यापासून दूर राहा. चेंडूच्या खेळात संरक्षक चष्मा घाला. होळीच्या दिवसांत मारले जाणारे पाण्याचे फुगे या डोळ्यांना खरोखर घातक आहेत. घरातल्या आणि गल्लीतल्या मुलांना हे मोकळेपणी सांगा. आणि डोळे चोळण्याची सवय सोडा.

मोतीबिंदू आणि काचबिंदू

मोठ्या नंबरात मोतीबिंदू लवकर येतो. एकाएकी मायनस वाढू लागला तर आधी तोच शोधावा. शस्त्रक्रिया चांगली होते, मात्र नंतर पडदा सुटण्याचा धोका वाढतो, विशेषतः पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत. म्हणून आधी आणि नंतरही पडदा तपासून घ्या. भिंग निवडताना जवळचं बिनचष्म्यानं वाचण्याची आपली सवय डॉक्टरांना सांगा. आयुष्यभर पुस्तक डोळ्यांजवळ धरून वाचलेल्या माणसाला लांबचा ‘शून्य नंबर’ पुष्कळदा गैरसोयीचा वाटतो.

काचबिंदूचा धोका दोन-तीन पट असतो. नुसता दाब बरोबर आला म्हणून तो नाही असं ठरत नाही. दृष्टिक्षेत्राची चाचणीही करून घ्या.

मुलांच्या बाबतीत

मुलांचा वाढता नंबर आज मंदावता येतो आणि पालकांनी ही संधी दवडू नये. रोज दोन तास मोकळ्या उजेडात खेळणं, वाचन-मोबाइल हातभर अंतरावर आणि मधूनमधून थांबून, हा पाया. त्यावर कमी मात्रेचे अॅट्रोपिन थेंब, खास रचनेच्या काचा किंवा लेन्स हे पर्याय डॉक्टर सुचवू शकतात. ‘डोळ्याला सवय होईल’ म्हणून कमी नंबराचा चष्मा देऊ नका, त्यानं वाढ थांबत नाही. आईवडील दोघांनाही मायनस असेल तर शाळेत जाण्याआधीच मुलाचे डोळे तपासा.

पैसा आणि हक्क

*विमा.* आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींत साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च वगळलेला असतो. आपला नंबर साडेसात किंवा जास्त असेल तर ‘ही सौंदर्याची शस्त्रक्रिया आहे’ एवढं म्हणून दावा नाकारणं योग्य नाही. पॉलिसीतली नेमकी अट लेखी मागा. पडदा सुटण्याची शस्त्रक्रिया हा नंबराचा उपचार नव्हे, त्याला ही अट लागूच होत नाही. डोळ्यातली इंजेक्शनं विमा नियामकानं आधुनिक उपचारांच्या यादीत घेतली आहेत, मात्र कंपनी त्यावर रकमेची मर्यादा घालू शकते. पॉलिसी घेताना मोठा नंबर, लॅटिस, जुना लेसर हे सगळं लिहा. लपवलं की दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. दावा फेटाळला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

*सरकारी आणि धर्मादाय मदत.* महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डोळ्यांच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. आपल्याला सांगितलेली शस्त्रक्रिया यादीत आहे का आणि रुग्णालय योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वी विचारा. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा.

*कागदपत्रं.* आपल्या उपचारांच्या नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नोंदी ठेवण्याची त्यांची मुदत मात्र तीन वर्षांची असते, म्हणून प्रती वेळीच घ्या. ओसीटी आणि फोटो मोबाइलवरही मागून घ्या.

*दिव्यांगत्व.* मोजमाप चष्मा लावून, चांगल्या डोळ्याचं होतं. मायनस पंधरा असूनही चष्म्यानं नीट दिसत असेल तर प्रमाणपत्र मिळत नाही. पण उत्तम चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८च्या खाली असेल, तर २०१६च्या कायद्यानुसार अल्पदृष्टीसाठी अर्ज करता येतो. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरलं तर नोकरी-शिक्षणात आरक्षण, परीक्षेत लेखनिक किंवा वाढीव वेळ मिळतो. अर्ज यूडीआयडीच्या संकेतस्थळावर करायचा, तपासणी जिल्हा रुग्णालयात होते. हे कमीपणाचं समजून अनेक घरं दहावी-बारावीच्या मुलांना हक्काच्या वेळेविना परीक्षेला बसवतात. कृपा करून तसं करू नका.

आता एक काम करा. आपल्या फाइलमध्ये थेंब घालून झालेल्या शेवटच्या तपासणीची तारीख शोधा. ती एक वर्षाहून जुनी असेल, किंवा सापडतच नसेल, तर या आठवड्यात वेळ घ्या. घरात मोठ्या नंबराचं आणखी कोणी असेल तर त्यांनाही सोबत न्या.